इंग्रजीतल्या ग्रीक-लॅटिन उपसर्गांची मराठी सूची : प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४

सूचीची चौकट आज पक्की केली. इंग्रजी शब्दांतले ग्रीक-लॅटिन उपसर्ग सांगणाऱ्या याद्या पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत उपसर्ग आणि त्यापुढे एकच अर्थ एवढेच असते : सब म्हणजे खाली, कॉन म्हणजे सह, पॅरा म्हणजे शेजारी. ही यादी पाठ केलेला वाचक सपोर्ट, करेक्ट आणि पॅराशूट या शब्दांपाशी अडतो. सपोर्टमध्ये सब दिसत नाही, करेक्टमध्ये कॉन दिसत नाही, आणि पॅराशूटमधला पॅरा मुळात तो नव्हेच. दोष वाचकाचा नाही, अर्थ सुटा काढून देणाऱ्या यादीचा आहे.

म्हणून प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी राहतील : उपसर्ग कोणत्या भाषेतला, मूळ अर्थ, कोणत्या अक्षरापुढे त्याचे कोणते रूप होते, उरलेल्या भागाचा अर्थही सांगणारी उदाहरणे, आणि त्याच्यासारखे दिसणारे तोतये. उरलेल्या भागाचा अर्थ न देता नुसती उदाहरणे रचायची नाहीत, हे सगळ्यांना लागू.

हद्दही ठरवली. अन, ओव्हर, आउट, फोर हे इंग्रजीचे स्वतःचे, जर्मानिक उपसर्ग. ते या सूचीत नाहीत. मिसही जर्मानिकच, पण त्याला तळटीप लागेल : मिसअन्थ्रोप या शब्दातला मिस हा ग्रीक 'मिसोस', म्हणजे द्वेष. माणसांचा द्वेष करणारा तो मिसअन्थ्रोप. टेली, ऑटो, बायो, मायक्रो यांना व्याकरणात काटेकोरपणे उपसर्ग म्हणत नाहीत, ती जोडपदे आहेत. पण वाचक त्यांना इथेच शोधणार, तेव्हा ती वेगळी खूण करून घ्यायची.

जिथे स्पेलिंगचा प्रश्न आहे तिथे अक्षरांची नावे लिहायची : दोन सी, एक एम, असे.

७ मार्च

इन-ची नोंद आधी घेतली, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. लॅटिनमध्ये दोन वेगळे इन आहेत. एक नकाराचा, संस्कृतातला अ / अन् आणि हा एकाच मुळाचे. दुसरा 'आत, वर, कडे' सांगणारा. दोघांची रूपे मात्र एकाच नियमाने बदलतात : बी, एम, पी यांच्यापुढे इम, एलपुढे इल, आरपुढे इर. त्यामुळे रूप पाहून कोणता इन ते कळत नाही. इलीगलमध्ये नकार आहे, इल्युमिनेटमध्ये 'वर प्रकाश टाकणे'. इमॉर्टलमध्ये नकार, इमिग्रंटमध्ये 'आत येणारा'. इर्रेग्युलरमध्ये नकार, इरिगेटमध्ये 'पाणी आत सोडणे'.

कामाला येणारी कसोटी अशी : उपसर्ग काढल्यावर उरलेला भाग विशेषण असेल तर बहुधा नकार, क्रियापद असेल तर बहुधा 'आत'. लीगल, मॉर्टल, रेग्युलर ही विशेषणे. इन्जेक्ट, इम्पोर्ट, इन्स्पेक्ट यांत फेकणे, वाहून नेणे, पाहणे या क्रिया आहेत.

याच कसोटीवर इन्फ्लेमेबल हा शब्द सुटतो. तो इन + फ्लेमेबल असा बनलेला नाही. इन्फ्लेम म्हणजे पेटवणे या क्रियापदाला 'एबल' लागून तो झाला, म्हणून त्याचा अर्थ 'पेट घेणारा' असाच आहे, फ्लेमेबलइतकाच. नकार समजून कोणी ज्वालाग्राही पिंपाजवळ बेफिकीर राहू नये यासाठी धोक्याच्या पाट्यांवर आता फ्लेमेबल लिहिण्याकडे कल आहे, आणि 'न पेटणारे' यासाठी नॉनफ्लेमेबल. ही बाब नोंदीत ठळक छापायची. इन्हॅबिटेबलचेही तसेच : राहण्याजोगे. राहण्याजोगे नसेल तर त्याच्याआधी अन लागतो.

इन्व्हॅल्युएबल नकाराचाच आहे, फक्त नकार किमतीला नसून मोजण्याला आहे : ज्याचे मोल करता येत नाही असे. आपल्या 'अनमोल'मध्ये नेमके हेच घडते, तेव्हा मराठी वाचकाला यापेक्षा जास्त काही सांगायला नको.

जी-एनपुढे इन-चा एन गळतो : इग्नोर, इग्नोबल.

११ मार्च

ॲड-, म्हणजे 'कडे, जवळ'. इथून संधीचे प्रकरण सुरू होते, आणि मराठी वाचकाला ते इंग्रजी वाचकापेक्षा सोपे जायला हवे. उत् + लेख = उल्लेख, सत् + जन = सज्जन, उत् + ज्वल = उज्ज्वल हे आपण शाळेत शिकतो. लॅटिनमध्ये ॲड-चा डी पुढच्या व्यंजनासारखाच होतो. सीपुढे सी, एफपुढे एफ, जीपुढे जी, तसाच एल, एन, पी, आर, एस, टी यांच्यापुढे. ॲलोकेट, ॲग्रेसिव्ह, ॲट्रॅक्ट, ॲनाउन्स या सगळ्यांत ॲड आहे. क्यूपुढे डीचा सी होतो : ॲक्वायर. आणि या क्रियेचे इंग्रजी नाव ॲसिमिलेशन हेही ॲड + सिमिलिस, दोन एस असलेले, म्हणजे स्वतःच स्वतःचे उदाहरण.

लॅटिन बोलणारे ही जोडाक्षरे दुहेरी उच्चारत. इंग्रजीत उच्चार एकेरी झाला आणि दुहेरीपण फक्त लिहिण्यात राहिले. स्पेलिंग चुकते ते यामुळे, जसे उज्ज्वल अनेकदा 'उज्वल' लिहिला जातो.

अकॉमोडेट या शब्दाची पूर्ण चिरफाड नमुना म्हणून ठेवली. यात दोन उपसर्ग एकापुढे एक आहेत : ॲड + कॉम + मोडस. मोडस म्हणजे माप. ॲड-चा डी कॉमच्या सीपुढे सी झाला, म्हणून दोन सी. कॉमच्या एमला मोडसचा एम येऊन मिळाला, म्हणून दोन एम. मोडसचा डी मधेच आहे, सांध्यावर नाही, म्हणून तो एकच. शब्द घोकण्यापेक्षा सांधे मोजावेत. व्यंजनाला व्यंजन मिळते अशा प्रत्येक सांध्यावर दोन अक्षरे.

हीच रीत पुढे लावली. रेकमेंड : री + कॉम + मेंड. री स्वरान्त आहे, तिथे संधीचा प्रश्नच नाही, म्हणून सी एक. कॉम आणि मेंड यांच्या सांध्यावर दोन एम. डिसअपिअर : डिस + अपिअर, आणि अपिअरमध्ये ॲड. डिसचा एस एक, कारण पुढे स्वर आहे, पी दोन. याउलट डिससॅटिस्फाय यात एस दोन. ऑकेजन हा ऑब + कॅड : सी दोन, एस एक. इनॉक्युअस आणि इनॉक्युलेट ही जोडी फार उपयोगी आहे : पहिला इन + नॉक्युअस, अपाय नसलेला, दोन एन, दुसरा इन + ऑक्युलस, डोळा भरणे या कलमाच्या क्रियेवरून, एक एन. लस टोचण्याच्या शब्दात दुसरा एन घालणारे पुष्कळ असतात, आणि चूक कुठून येते हे एकदा दिसले की ती पुन्हा होत नाही.

अपवाद : एस-सी, एस-पी, एस-टी यांच्यापुढे डी नुसता गळतो, असेंड, अस्पायर. फ्रेंचमधून झिजून आलेल्या काही शब्दांत दुहेरीपण उरले नाही : अग्री, अमाउंट.

उलट बाजूही नोंदवली. अफोर्ड हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, ॲड-शी काही संबंध नाही. लॅटिन शब्दांच्या नमुन्यावर त्याला दुसरा एफ चिकटला. ॲडव्हान्समधला डीही असाच, शब्द ॲड-चा आहे अशा समजुतीने मागाहून घातलेला. खरे मूळ ॲब + आन्ते. विद्वानांनी 'सुधारलेली' स्पेलिंगे सूचीत जपून घ्यायला हवीत.

१२ मार्च

सब, ऑब, एक्स, डिस यांची रूपे एका बैठकीत होण्याजोगी, नियम तोच. सब : सक्सीड, सफर, सजेस्ट, समन, सपोर्ट, सरोगेट ; शिवाय सस्पेंड, सस्टेन यांत सस. ऑब म्हणजे 'समोर, आड' : ऑफर, अपोज, ओमिट. ऑब्व्हिअस हा ऑब + व्हिआ, वाटेतच समोर येणारा, म्हणून उघड. एक्स : इफेक्ट, इमिट. डिस : डिफर, डायजेस्ट. कॉन : बी, एम, पी यांच्यापुढे कॉम, एलपुढे कॉल, आरपुढे कॉर, स्वरापुढे आणि एचपुढे नुसता को.

१५ मार्च

'फेर' धातूचे पान. लॅटिन फेर्रे म्हणजे वाहणे, नेणे. संस्कृतात हृ धातूला उपसर्ग लागून प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार होतात आणि अर्थ कुठल्या कुठे जातात, हा दाखला बहुतेकांना ठाऊक असतो. फेरचे तसेच. ट्रान्सफर पलीकडे नेणे, रेफर मागे नेणे, प्रेफर पुढे ठेवणे, इन्फर आत आणणे म्हणजे निष्कर्ष काढणे, सफर खाली राहून वाहणे म्हणजे सोसणे, ऑफर समोर आणणे. धातू एकच ठेवून उपसर्ग बदलत गेले की उपसर्गाचा वाटा स्वच्छ दिसतो. पाच वेगळ्या धातूंवरच्या पाच उदाहरणांपेक्षा हे पान जास्त शिकवते, म्हणून सूचीच्या सुरुवातीला ठेवायचे.

एक खाच : डेफर दोन आहेत. मान देऊन दुसऱ्याचे ऐकणे या अर्थाचा डे + फेर. पुढे ढकलणे या अर्थाचा मात्र डिस + फेर, म्हणजे डिफरचाच सख्खा भाऊ. दोन्हींचे स्पेलिंग एकच, तेव्हा डे-च्या नोंदीत दुसरा चुकूनही घ्यायचा नाही.

२० मार्च

ग्रीक भाग. नकाराचा अ स्वरापुढे अन होतो : एथीस्टमध्ये अ, अनार्की आणि ॲनिमियामध्ये अन. आपल्याकडे अज्ञान पण अनादी, अगदी तसेच. अनॉनिमस शब्दात नकारापुढे 'नाव' आहे, आणि ग्रीक ओनोमा व आपले नाम एकाच मुळाचे. अनॉनिमस आणि अनाम हे शब्द भागागणिक जुळतात.

इथला सापळा म्हणजे ॲना-, 'वर, पूर्णपणे, पुन्हा'. ॲनॅलिसिस, ॲनॅटमी यांत नकार नाही. ॲनॅटमी आणि ॲटम शेजारी ठेवले : दोन्हीत 'तोम', कापणे. ॲटममध्ये अ + तोम, कापता न येणारा. ॲनॅटमीमध्ये ॲना + तोम, कापून उघडणे. नवखा वाचक ॲनॅटमी 'अन'खाली टाकतो आणि अर्थ नेमका उलटा घेतो. आणखी एक जोड याच धातूची : एन्टोमॉलॉजी, कीटकशास्त्र. ग्रीक 'एन्तोमोन' म्हणजे आत कापलेला, खाचा पडलेला जीव. लॅटिनने त्याचे शब्दशः रूपांतर केले : इन + सेक्टम. तोच इन्सेक्ट.

ग्रीक उपसर्गाच्या शेवटचा स्वर पुढे स्वर आला की सहसा गळतो : अँटीचा अँट होतो, अंटार्क्टिकमध्ये. पेरी मात्र आपला स्वर सोडत नाही : पीरियड म्हणजे पेरी + होडोस, वाटेने फिरून येणे. पुढचा शब्द ग्रीक ह-काराचा असेल तर तो ह आधीच्या प किंवा त मध्ये मिसळून फ, थ होतो. मेटा + होडोस, वाट, यातून मेथड. काटा + होडोस यातून कॅथोड. एपि + हेमेरा, दिवस, यातून इफेमरल, दिवसभर टिकणारे. अपो + हेलिओस यातून अफेलियन, सूर्यापासूनचा सर्वांत दूरचा बिंदू. अफेलियनमधला एफचा उच्चार पाहून उपसर्ग 'अफ' आहे असे समजू नये. अपोजीमध्ये तोच अपो शाबूत दिसतो.

कॅथोडचा जोडीदार ॲनोड : ॲना + होडोस, वर जाणारी वाट, कॅथोड खाली जाणारी. मायकेल फॅरेडेने हे शब्द १८३४ मध्ये वापरात आणले, ते केंब्रिजचा विद्वान विल्यम ह्युएल याच्याशी पत्रव्यवहार करून. ग्रीक उपसर्ग ही मेलेल्या भाषेची शिल्लक नसून नवी नावे पाडण्याचा कारखाना आहे, हे या एका जोडीवरून वाचकाला दाखवता येते.

२५ मार्च

शब्दसंग्रहावर आरंभीच्या अक्षरांनी शोध चालवला, तेव्हा अपेक्षेप्रमाणे तोतयांची गर्दी जमली. री-खाली रेड, रेडी, रीगल. प्री-खाली प्रिटी, प्रेस. डिस-खाली डिश, डिस्क. डाया-खाली डायल आणि डायरी, दोन्ही लॅटिन 'दिएस' म्हणजे दिवस यावरून. मोनो-खाली मॉन्युमेंट. सेंट-खाली सेंटर, जो शंभराचा नसून ग्रीक 'केन्त्रोन' म्हणजे टोक याचा आहे. युनि-खाली अनइन्फॉर्म्ड, कारण स्पेलिंग यू-एन-आय असे सुरू होते. अँटी-खाली अँटीक आणि अँटिसिपेट. हे दोन्ही 'विरुद्ध'चे नसून आन्ते, 'आधी', याचे.

उलटही आढळते : उपसर्ग आहे पण झिजून लपलेला. काउंट हा कॉम + पुतारे, म्हणजे कॉम्प्युटचाच झिजलेला भाऊ. कॉस्ट हा कॉन + स्तारे. सॅम्पल हा एक्झाम्पलच, एक्स गळालेला. एनिमी हा इन + अमिकस, मित्र नसलेला. यांना शोधयंत्र पकडणार नाही, हाताने भरावे लागतील.

तपासणीची रीत ठरली ती अशी. आधी उपसर्ग काढून उरलेला भाग वेगळा लिहायचा. मग तो भाग दुसऱ्या उपसर्गाबरोबर येतो का ते पाहायचे : जेक्ट हा इन, री, प्रो, सब यांच्याबरोबर येतो, म्हणजे तो खरा धातू. रेडीतले 'डी' किंवा प्रिटीतले 'टी' असे काही उरले, आणि ते आणखी कुठेच येत नसेल, तर शंका घ्यायची. शेवटी दोन्ही भागांचे अर्थ जोडून शब्दाच्या आजच्या अर्थापर्यंत वाट जाते का ते पाहायचे, आणि व्युत्पत्तिकोशात पडताळून मगच नोंद करायची. शेवटची पायरी टाळायची नाही, कारण ओढूनताणून वाट काढणे फार सोपे असते.

उरलेला भाग ओळखू न येण्याचे मोठे कारण लॅटिनचा स्वरबदल. उपसर्ग लागला की धातूतला ए बहुधा आय किंवा ई होतो. काद, पडणे : ॲक्सिडेंटमध्ये सिद. काप, पकडणे : अँटिसिपेटमध्ये सिप, ॲक्सेप्टमध्ये सेप्ट. फाक, करणे : एफिशियंटमध्ये फिक, इन्फेक्टमध्ये फेक्ट. आन्नुस, वर्ष : पेरेनिअलमध्ये एन्न. साल, उडी : रिझल्ट आणि इन्सल्टमध्ये सुल. म्हणून धातू सापडत नसेल तर आयच्या जागी ए घालून पुन्हा शोधायचा. ही एक ओळ तपासणाऱ्यांच्या कागदावर सर्वांत वर हवी.

५ एप्रिल

जोड्यांचा तक्ता. ग्रीक शब्दाचे भाग लॅटिनमध्ये जसेच्या तसे उतरवण्याची जुनी रीत असल्याने इंग्रजीत एकाच बांधणीचे दोन-दोन शब्द आले. हायपोथेसिस आणि सपोझिशन : हायपो म्हणजे सब, थेसिस म्हणजे पोझिशन, खाली ठेवलेले गृहीत. सिम्पथी आणि कम्पॅशन. सिन्थेसिस आणि कॉम्पोझिशन. पेरिफेरी आणि सर्कम्फरन्स : भोवती वाहून नेणे, ग्रीक फेरो आणि लॅटिन फेर्रे. मेटामॉर्फोसिस आणि ट्रान्सफॉर्मेशन. मेटाफर आणि ट्रान्सफर. एका ओळीत दोन शब्द दिले की चार भाग पाठ होतात.

तिसरा रकाना संस्कृतचा, पण तिथे आवरते घेतले. जे निश्चित एका मुळाचे आहेत तेवढेच : पेरी आणि परि, हायपो आणि उप, हायपर-सुपर आणि उपरि, डिस- हा ग्रीक 'वाईट'चा उपसर्ग आणि दुस्, इंटर आणि अन्तर्, प्रो आणि प्र, अपो-ॲब आणि अप, हेमी-सेमी आणि सामि. सामि म्हणजे अर्धा, हा मराठीत उरला नाही, पण संस्कृत कोशात आहे. केवळ कानाला सारखे लागते म्हणून जोडी लावायची नाही.

हेमी-सेमी, हेप्टा-सेप्टेम, हेक्स-सेक्स यांत ग्रीक एचच्या जागी लॅटिन एस आहे, आणि संस्कृतात सामि, सप्त, षष्. हा नियम पक्का. हायपर-सुपर मात्र या नियमात बसवायचे नाहीत. उपरि आणि उप यांत स नाही, म्हणजे लॅटिनचा तो एस दुसऱ्या वाटेने आलेला. आन्ते आणि अँटी हेही मुळात एकच, 'समोर' या अर्थाचे : समोर म्हणजे आधी, आणि समोर म्हणजे विरोधात. एवढे कळले की पाठ करताना दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत.

डिस- दोन असल्याची सूचना इथेच दिली. लॅटिन डिस, आय घेऊन, 'वेगळे, उलट' : डिसेबल. ग्रीक डिस, वाय घेऊन, 'बिघडलेले, कष्टाचे' : डिस्लेक्सिया, डिस्पेप्सिया, डिसेंट्री. मराठीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणून आय की वाय ते प्रत्येक वेळी सांगायचे.

११ एप्रिल

संख्या. एक ते दहा ग्रीक आणि लॅटिन शेजारी ठेवले. मोनो-युनि, डाय-बाय, ट्राय दोन्हीकडे, टेट्रा-क्वाड्री, पेंटा-क्विन्क, पुढे सरळ. सप्टेंबर ते डिसेंबर यांत सात ते दहा दिसतात, कारण जुने रोमन वर्ष मार्चपासून मोजत.

रसायनशास्त्रात दोन्ही भाषांची सरमिसळ आहे आणि ती तशीच शिकावी लागते. पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन इथपर्यंत ग्रीक, पण नऊला नोनेन, लॅटिन. अकराला अनडेकेन. बाराला परत ग्रीक डोडेकेन. स्वर गळण्याचा नियम इथेही : मोनो + ऑक्साइड नव्हे, मोनॉक्साइड, टेट्रॉक्साइड, पेंटॉक्साइड. क्लोरिनच्या आम्लांच्या क्षारांची ओळ घेतली : हायपोक्लोराइट, क्लोराइट, क्लोरेट, परक्लोरेट, क्लोरिनच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे अणू अनुक्रमे १, २, ३, ४. सर्वांत कमीला ग्रीक हायपो, सर्वांत जास्तीला लॅटिन पर. पर म्हणजे इथे 'पूर्णपणे'.

मापन. १७९५ च्या फ्रेंच मेट्रिक पद्धतीत पटींना ग्रीक आणि अंशांना लॅटिन अशी वाटणी झाली : डेका, हेक्टो, किलो वर, डेसी, सेंटी, मिली खाली. म्हणून लॅटिन 'मिल्ले' हजार असूनही मिलिमीटर म्हणजे हजारावा भाग. नंतर ही वाटणी सुटली. मायक्रो ग्रीक असून लहान, नॅनोही ग्रीक, 'बुटका'. गिगा राक्षस, टेरा अक्राळविक्राळ प्राणी. १९७५ मध्ये आलेले पेटा आणि एक्झा हे पेंटा आणि हेक्झा यांतले अक्षर काढून केलेले, कारण ते हजाराचा पाचवा आणि सहावा घात. १९६४ चे फेम्टो आणि अट्टो तर डॅनिश-नॉर्वेजियन पंधरा आणि अठरा यांवरून. २०२२ मध्ये रोना आणि क्वेटा यांची भर पडली. फेम्टो, अट्टो यांना ग्रीक-लॅटिनच्या रकान्यात घालायचे नाही, भाषा स्पष्ट लिहायची.

युमिलिपस पर्सेफनी या सहस्रपाद प्राण्याचे नाव यु-च्या नोंदीला घेतले. यु म्हणजे 'चांगला, खरा'. इतर मिलिपीडना हजार पाय नसतात. ऑस्ट्रेलियात सापडलेल्या आणि २०२१ मध्ये वर्णन झालेल्या या जातीच्या एका मादीला १३०६ पाय मोजले गेले, म्हणून 'खरा हजार पायांचा'. सेंटिपीडला नेमके शंभर पाय येतच नाहीत, त्याच्या पायांच्या जोड्या विषम असतात. संख्येचा उपसर्ग दर वेळी मोजणी नसतो, कधी नुसता 'पुष्कळ' असतो, हे या दोघांवरून कळते.

१६ एप्रिल

वैद्यकातल्या जोड्या. इथे एका अक्षराची चूक माणसाच्या अंगावर येते, म्हणून मांडणी वेगळी : जोडीतले दोन्ही उपसर्ग एकाच चौकटीत समोरासमोर, फरकाचे अक्षर ठळक.

हायपर आणि हायपो : हायपरग्लायसीमिया रक्तात साखर जास्त, हायपोग्लायसीमिया कमी. घाईच्या बोलण्यात शेवटचा र ऐकू येत नाही आणि उपचार दोन्हीचे उलटे. तोंडी सांगताना उपसर्गावर न थांबता 'साखर कमी' किंवा 'साखर जास्त' असे जोडून सांगावे, आकडाही सांगावा, ही सूचना चौकटीतच दिली.

ॲब्डक्शन आणि ॲडक्शन : अवयव शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणे आणि मध्यरेषेकडे आणणे. ॲड आणि डक्ट यांच्या सांध्यावर दोन डी आहेत, पण कानाला तेही पुरत नाही, म्हणून शिकवताना 'ए-बी डक्शन', 'ए-डी डक्शन' असे अक्षरे फोडून म्हणतात. तीच रीत सुचवली.

इंटर आणि इंट्रा : दोघांच्या मध्ये, आणि एकाच्या आत. शिरेत द्यायचे ते इंट्राव्हीनस, स्नायूत द्यायचे ते इंट्रामस्क्युलर. बरगड्यांमधला तो इंटरकॉस्टल. आन्ते आणि अँटी : अँटिनेटल म्हणजे जन्माआधीचा, स्पेलिंग ई घेऊन, अँटीबायोटिक आय घेऊन. मराठी लिपीत हा फरक जवळजवळ पुसला जातो, तेव्हा अक्षराचे नाव अनिवार्य.

संकरित शब्दांबद्दल एकच ओळ पुरे : हायपरटेन्शन, डिसफंक्शन, टेलिव्हिजन यांत ग्रीक डोके आणि लॅटिन धड आहे, आणि त्यात काही चुकीचे नाही. जुने पंडित याला नाके मुरडत. सूचीने मुरडायचे कारण नाही.

१९ एप्रिल

री- चे दोन अर्थ, 'मागे' आणि 'पुन्हा', वेगळे छापले. रिटर्न, रिजेक्ट, रिपेल यांत मागे. रीप्रिंट, रीबिल्ड यांत पुन्हा. संयोगचिन्ह इथे अर्थ बदलते : रिकव्हर बरे होणे, चिन्ह घालून री-कव्हर पुन्हा आच्छादणे. रिझाइन राजीनामा देणे, री-साइन पुन्हा सही करणे. पत्रात चिन्ह विसरले तर सहीच्या जागी राजीनामा होतो.

बायवीकली, बायमंथली हे शब्द 'दोनदा' आणि 'दोनातून एकदा' या दोन्ही अर्थांनी चालतात, आणि संदर्भाशिवाय ते सुटत नाहीत. सल्ला : वापरूच नयेत, 'आठवड्यातून दोनदा' किंवा 'दर दोन आठवड्यांनी' असे लिहावे. बायअॅन्युअल वर्षातून दोनदा, बायेनिअल दोन वर्षांनी एकदा. यांच्यात निदान स्पेलिंगचा भेद आहे.

२४ एप्रिल

पॅरा-ची नोंद छपाईसाठी पूर्ण झाली. बाकीच्या नोंदी याच साच्यात बसवायच्या.

पॅरा, ग्रीक, 'शेजारी, बाजूने'. स्वरापुढे पॅर. पॅरलल : पॅर + अलेलोन, एकमेकांच्या शेजारी, आधी दोन एल, मग एक. पॅरसाइट : पॅरा + सितोस, अन्नाशेजारी बसणारा. पॅराथायरॉइड : थायरॉइडला लागून असलेल्या ग्रंथी.

रसायनशास्त्रात पॅरा म्हणजे बेंझीनच्या कड्यावरच्या १ आणि ४ या समोरासमोरच्या जागा. ऑर्थो १ आणि २, मेटा १ आणि ३. 'शेजारी' हा अर्थ इथे लावला तर उत्तर चुकते, कारण शेजारच्या जागांना ऑर्थो म्हणतात. पॅरासिटामॉल या नावातला पॅरा याच जातीचा, पॅरा-असिटाइलअमिनोफिनॉल या रासायनिक नावातून घेतलेला.

तोतये : पॅराशूट, पॅरासोल. यांतला पॅरा हा 'पारारे' या लॅटिन क्रियापदाचा, फ्रेंच-इटालियन वाटेने आलेला, अर्थ 'वारणे, अडवणे' : पडणे वारणारा, ऊन वारणारा. पॅराट्रूपर हा पॅराशूटवरून तोडलेला, म्हणून त्याचाही पॅरा हाच.